बुधवारचा मोजणीचा तास, दुपारची सावली आणि शाळेतील विज्ञान प्रकल्प

उत्तरायण

नमस्कार. मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीत शिकते. नववीच्या वर्षभर आमच्या विज्ञानाच्या सरांनी दर बुधवारी मधल्या सुट्टीला लागून असलेला एक तास केवळ मोजण्यासाठी राखून ठेवला होता. त्या तासाला पाठ्यपुस्तक उघडले जात नसे. पटांगणात ओळंबा लावून सरळ उभी केलेली एक मीटर उंचीची लोखंडी सळई होती. तिची दुपारची सर्वांत आखूड सावली किती लांब आहे आणि ती किती वाजता पडते, या दोनच गोष्टी आम्ही वहीत लिहीत होतो. त्याच वर्षी आम्ही विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्पही केले. त्यांविषयी माझे जे मत झाले आहे ते मी या चर्चा-मंचावर मांडते आहे. अनुभवी शिक्षकांनी आणि पालकांनी त्यावर लिहावे, अशी माझी विनंती आहे.

माझे मत असे आहे की शाळेतील विज्ञान प्रकल्प हा आठवड्याच्या तासातून निघाला पाहिजे, आणि आज तो बहुतेक ठिकाणी तसा निघत नाही. प्रदर्शनाची सूचना आल्यावर विषय शोधला जातो, थर्माकोल आणि रंग आणले जातात, दोन आठवड्यांत एक वस्तू तयार होते आणि प्रदर्शन संपले की ती कपाटावर जाते. त्या वस्तूतून कोणताही नवा आकडा मिळत नाही. सळईच्या सावलीतून मात्र आम्हाला असे प्रश्न मिळाले की जे कोणत्याही स्वाध्यायात नव्हते.

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस, सुरू होतात. जुलैच्या आरंभी ढगांतून उघडीप मिळाली तेव्हा सळईची सावली दक्षिणेकडे पडलेली होती आणि ती जेमतेम तीन-चार सेंटिमीटर होती. दुपारची सावली नेहमी उत्तरेला पडते असे वर्गातील बहुतेकांचे ठाम मत होते, त्यामुळे आधी होकायंत्रावरच संशय घेतला गेला. नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून साधारण २६ मे ते १७ जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि त्या दोन तारखांच्या आसपास सावली नाहीशी होते. सूर्य कर्कवृत्तापर्यंत जातो हे वाक्य आम्ही पाचवीपासून पाठ केले होते, पण त्याचा अर्थ आमच्या पटांगणात दक्षिणेकडे पडलेली सावली असा होतो, हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

त्यानंतर सावली उत्तरेकडे वळली आणि वाढू लागली. २३ सप्टेंबरच्या सुमारास ती साधारण ३९ सेंटिमीटर असते आणि २२ डिसेंबरला जवळजवळ ९९ सेंटिमीटर, म्हणजे सळईइतकीच. ती दर आठवड्याला सारखी वाढेल असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात सप्टेंबरच्या अखेरीस ती आठवड्याला साडेपाच सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढते आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिची वाढ एक सेंटिमीटरही भरत नाही. आलेखावर ही सरळ रेषा नव्हती, हळूहळू आडवी होत जाणारी वक्र रेषा होती, आणि ती तशी का होते यावर सरांनी आम्हाला महिनाभर उत्तर दिले नाही. तो महिना माझ्या मते वर्षातील सर्वांत मोलाचा होता, कारण त्या काळात वर्गातील मुले मधल्या सुट्टीतसुद्धा पृथ्वीच्या कललेल्या अक्षाविषयी बोलत होती.

वेळेचा प्रश्न आणखी खोल निघाला. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, हे पहिल्याच आठवड्यात दिसले. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, नागपूर सुमारे ७९.१ अंशांवर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणून आपली मध्यान्ह सरासरी १२ वाजून १४ मिनिटांनी येते. हे गणित सुटल्यावर प्रश्न संपला असे वाटले. परंतु नोव्हेंबरच्या आरंभी मध्यान्ह १२ च्याही आधी, ११ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास आली आणि फेब्रुवारीच्या मध्यात ती १२ वाजून २८ मिनिटांपर्यंत पुढे गेली. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, जानेवारीच्या आरंभी ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते व तेव्हा वेगाने फिरते. शिवाय तिचा अक्ष कललेला आहे. या दोन कारणांची बेरीज-वजाबाकी होऊन घड्याळ आणि सूर्य यांच्यात हा अर्ध्या तासाचा झोका पडतो. ग्रहांच्या गतीविषयीचे केप्लरचे नियम आम्ही दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात वाचले, पण ते वाचण्यापूर्वीच त्यांचा परिणाम आमच्या वहीत तारखेनिशी लिहिलेला होता.

आमच्या गटाचा प्रकल्प याच सवयीतून निघाला. सळईजवळच, परंतु सावलीत, आम्ही दोन तापमापी टांगले आणि एकाच्या तळाशी असलेल्या फुग्याभोवती ओले सुती कापड गुंडाळले. नागपूरच्या मे महिन्यात कूलर उत्तम चालतो आणि जुलैत तोच कूलर खोलीत केवळ दमटपणा भरतो, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे; आम्हाला ते आकड्यात पाहायचे होते. उदाहरणार्थ, कोरडा तापमापी ४२ अंश आणि ओला २२ अंश दाखवत असेल तर सापेक्ष आर्द्रता सुमारे १६ टक्के असते. कोरडा ३० आणि ओला २७ असेल तर ती सुमारे ८० टक्के असते. कूलर हवेला ओल्या तापमापीच्या आकड्याखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे पहिल्या स्थितीत त्याला २० अंशांचा वाव आहे आणि दुसऱ्या स्थितीत केवळ ३ अंशांचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना लागणारी सुमारे ५८० कॅलरी उष्णता कोठून येते, हे त्यानंतर कोणालाही पाठ करावे लागले नाही.

प्रदर्शनात आम्ही दोन तापमापी, वही आणि आलेख मांडले. परीक्षकांनी मॉडेल कोठे आहे असे विचारले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्या टेबलावर विजेवर फिरणारी पवनचक्की होती. बक्षीस कोणाला मिळाले याचे मला दुःख नाही. आलेखाकडे पाहून एकही प्रश्न विचारला गेला नाही, हे मात्र मला आजही खटकते.

खडूधूळ

बेटा, तुझा लेख दोनदा वाचला. मी तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि आता निवृत्त आहे. तुझ्या सरांनी महिनाभर उत्तर दिले नाही, हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. शिक्षकाला उत्तर येत असताना ते थांबवून ठेवणे फार कठीण जाते, कारण वर्गात शांतता पसरली की आपण शिकवत नाही असे त्यालाच वाटू लागते.

तरीही शिक्षकांची बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या ४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि २० गुणांचे प्रात्यक्षिक असते. शाळा, पालक आणि शिकवणी वर्ग या सर्वांचे लक्ष त्या ८० गुणांकडे असते. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात, एका सळईभोवती सर्वांना उभे करणेही शक्य नसते. तुझ्या वर्गात ही व्यवस्था कशी होती, हे तू लिहावेस. त्यावाचून हा लेख वाचून एखादा तरुण शिक्षक उत्साहाने सुरुवात करील आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून देईल.

आणखी एक गोष्ट. परीक्षक मॉडेल का मागतात, याचे कारण त्यांच्या हातातील तक्त्यात असते. मांडणी, टापटीप, उपयुक्तता असे रकाने असतात आणि त्यांना दोन-तीन तासांत कित्येक टेबले पाहायची असतात. मी स्वतः परीक्षक म्हणून गेलो आहे. निरीक्षणांची मूळ वही पाहण्यासाठी स्वतंत्र गुण असावेत, असा आग्रह मी तेव्हा धरत असे आणि आजही धरतो. वही खरी असली की ती लगेच ओळखू येते. तिच्यात खाडाखोड असते, पावसामुळे राहिलेल्या तारखा असतात, शाई बदललेली असते.

दोन_मुलींची_आई

मी पालक म्हणून लिहिते. प्रकल्प मुलांचा असतो असे म्हणतात, पण रात्री अकरा वाजता पुठ्ठा कापणारे हात आईवडिलांचे असतात. सीताबर्डीत आणि इतर बाजारांत तयार प्रकल्प विकत मिळतात. सिरिंजवर चालणारी क्रेन, खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी, दिवे लागणारी सौरमाला. नोकरी करून घरी परतणाऱ्या बाईला ते विकत घेण्यावाचून पुष्कळदा दुसरा मार्ग नसतो. म्हणून उत्तरायणच्या म्हणण्यातील मोठा भाग मला पटतो, कारण शाळेच्या तासात केलेले मोजमाप घरी येत नाही.

परंतु एका गोष्टीला माझा विरोध आहे. माझी धाकटी मुलगी आठवीत आहे आणि तिला वस्तू बनवायला मनापासून आवडतात. तारा जोडताना, चाक अडकले तर ते का अडकले हे शोधताना ती तासन्‌तास बसते. तिला दर आठवड्याला सावली मोजायला सांगितले तर ती दुसऱ्याच महिन्यात कंटाळेल. मॉडेल म्हणजे थर्माकोल आणि मोजणी म्हणजे विज्ञान, अशी वाटणी करू नये. हाताने शिकणारी मुलेही असतात आणि त्यांना शाळेत आधीच कमी जागा आहे.

उत्तरायण

काकू, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. चालणारी वस्तू बनवणे आणि शोभेची वस्तू बनवणे यांत मी फरक करायला हवा होता, तो आता करते. तुमच्या मुलीची क्रेन किती ग्रॅम वजन उचलते, सिरिंज बदलली तर ते किती बदलते, असे विचारले की त्या क्रेनमधूनही आकडा निघतो आणि बंद द्रवातील दाब सगळीकडे सारखाच पोचतो हा पास्कलचा नियम तिच्या हाताला समजतो. माझी तक्रार केवळ त्या वस्तूंविषयी आहे की ज्यांना कोणताच प्रश्न विचारता येत नाही.

सर, व्यवस्था अशी होती. वर्गाचे दहा गट होते आणि एका बुधवारी दोनच गट सळईजवळ जात. एक गट साधारण पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करी, दुसरा गट अंतर मोजून वहीत लिही. उरलेला वर्ग आत बसून मागील आठवड्याचा आकडा आलेखावर मांडी आणि पुढील आकड्याचा अंदाज लिहून ठेवी. सरांनी सांगितले होते की अंदाज पेनाने लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तेव्हा जवळ राहणाऱ्या मुलांनी आपापसांत वाटून दुपारी खुणा केल्या.

मोजपट्टी

व्यवसायाने मी सर्वेक्षणाच्या क्षेत्रात आहे, म्हणून या धाग्यात अचूकतेविषयी थोडे लिहितो. सूर्य बिंदू नाही. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे सळईच्या टोकाची सावली धारदार नसते, तिच्या कडेला सुमारे सेंटिमीटरभर धूसर पट्टा असतो आणि प्रत्येक मूल त्या पट्ट्यात वेगळ्या ठिकाणी खूण करते. आता या एका सेंटिमीटरचा अर्थ पाहा. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, सावली भागिले सळईची उंची या गुणोत्तरावरून थेट आपला अक्षांश मिळतो, ३८.७ सेंटिमीटर सावलीवरून २१.१५ अंश. सावली एक सेंटिमीटर जास्त मोजली गेली तर उत्तर सुमारे अर्ध्या अंशाने चुकते. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून तुमची शाळा ५५ किलोमीटर उत्तरेला, सौंसरच्या अक्षांशावर जाऊन बसते. एक सेंटिमीटर कमी मोजली तर ती वर्ध्याच्याही दक्षिणेला सरकते.

यावर उपाय स्वस्त आहे. सळईच्या टोकाला पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा बसवावा, त्याला खिळ्याने बारीक छिद्र पाडावे आणि छिद्राची उंची एक मीटर ठेवावी. जमिनीवर सावलीच्या आत सूर्याची गोल प्रतिमा पडते. डिसेंबरात तिची रुंदी साधारण तेरा मिलिमीटर भरेल. ती लांबट दिसेल, पण तिचा मध्यबिंदू कोणालाही एक-दोन मिलिमीटरच्या आत ठरवता येतो. खाली फरशी सपाट आहे की नाही हे पाण्याच्या नळीने तपासावे. पटांगणाचा उतार डोळ्यांना दिसत नाही आणि तोच सर्वांत जास्त फसवतो.

नववीच्या मुलांनी छिद्राची पद्धत आणि साधी सळई दोन्ही शेजारी ठेवून वर्षभर मोजावे. दोन पद्धतींतील फरक हाच एक पूर्ण प्रकल्प आहे.

वर्धारोडकर

तापमापीविषयी एक मुद्दा. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवल्याची बातमी देशभर गेली होती. शहरातील इतर केंद्रांवर त्याच वेळी ४४ अंशांच्या आसपास नोंद होती आणि पुढे तो आकडा संवेदकातील बिघाडामुळे आल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. मला त्या प्रसंगात शाळांसाठी मोठा धडा दिसतो, कारण एका उपकरणाचा आकडा दुसऱ्या उपकरणाशी ताडून पाहिल्यावरच दोष उघड झाला.

म्हणून ओला-कोरडा प्रयोग सुरू करण्यापूर्वी दोन्ही तापमापी कापड न गुंडाळता एकाच बादलीतील पाण्यात बुडवून ठेवावेत. त्यांच्यात अर्ध्या अंशाचा फरक असेल तर तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. उत्तरायणने दिलेल्या पावसाळी उदाहरणात एकूण फरकच ३ अंशांचा आहे. त्यात अर्धा अंश उपकरणाचा असेल तर आर्द्रतेचे उत्तर ३ ते ४ टक्क्यांनी हलते. वितळणाऱ्या बर्फात शून्य आणि उकळत्या पाण्यात १०० अंश अशी तपासणीही करता येते, मात्र नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी साधारण ९९ अंशांनाच उकळते. तापमापीने ९९ दाखवले म्हणून मुलांनी तो फेकून देऊ नये. प्रयोगशाळेतील तापमापी शंभराच्या पुढेपर्यंत खुणा असलेलाच घ्यावा. ताप पाहण्याचा तापमापी उकळत्या पाण्यात फुटतो.

भिवापूर_तालुका

मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवतो. आमच्याकडे वर्ग जास्त आणि शिक्षक कमी आहेत, तरीही आठवड्याचे मोजमाप आमच्या शाळेला शहरातील शाळेपेक्षा जास्त सोयीचे जाते, हे मी आग्रहाने सांगतो. सहावी, सातवी आणि आठवीची मुले एकत्र बसतात, त्यामुळे मोठी मुले लहानांना मोजायला शिकवतात आणि वही एका वर्षात संपत नाही. आठवीतील मूल गेले की सातवीतील मूल ती पुढे चालवते.

आमची मुले गावातील विहिरीची पातळी मोजतात. दोरीला दगड बांधून, दर अर्ध्या मीटरवर गाठी मारून, काठापासून पाण्यापर्यंतची खोली घेतली जाते. विहिरीला पक्का कठडा आहे आणि त्या वेळी मी स्वतः तेथे उभा असतो. ही अट मी कधीही सोडत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आमच्याकडे दर आठवड्याची नोंद असल्यामुळे पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी लगेच का चढत नाही, आधी कोरडी जमीन किती पाणी धरून ठेवते, मिरचीला पाणी देणे सुरू झाले की पातळी कशी घसरते, हे सर्व मुलांच्या आकड्यांत दिसते. यासाठी शाळेचा खर्च दोरीचा झाला.

प्रदर्शनाविषयी मात्र माझा अनुभव उत्तरायणसारखा नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते आणि तिच्यात मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न निवडून त्याचा प्रत्यक्ष अभ्यास मांडावा अशीच अपेक्षा असते. तेथे वही पाहिली जाते. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेचा भर नव्या कल्पनेवर आहे आणि निवड झालेल्या मुलाला प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळतात; तेथे वस्तू लागतेच. कोणत्या मंचावर काय न्यायचे हे शिक्षकाने आधी पाहिले तर मुलांची निराशा टळते. तुमचा तापमापीचा प्रकल्प बालविज्ञान परिषदेला साजेसा होता.

काळी_माती

विहिरीच्या नोंदीवरून सुचले ते लिहिते. नागपूर शहर दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पूर्वेकडील कडेवर वसलेले आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची आहे आणि शहराच्या पूर्वेकडे गेले की नाइस हा जुना, पट्टेदार रूपांतरित खडक लागतो. एकाच वर्गातील मुले शहराच्या दोन टोकांहून येत असतील तर त्यांच्या अंगणातील मातीही वेगळी असू शकते, आणि शाळेला याहून सोपा तुलनात्मक प्रकल्प मिळणार नाही.

पद्धत अशी आहे. वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळलेली १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यावी. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरावे, ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत आणि २४ तासांनी तळाशी बसलेल्या मातीचे घनफळ वाचावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील घनफळ रॉकेलमधील घनफळापेक्षा किती टक्के जास्त आहे, तो त्या मातीचा फुगण्याचा निर्देशांक. इमारतींचे अभियंते हीच चाचणी करतात. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरते, म्हणून ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि तिच्यावरील घरांच्या भिंतींना भेगा पडतात. रॉकेल हाताळताना शिक्षक समोर असावेत आणि जवळ ज्योत नसावी. उन्हाळ्यात शाळेच्या आवारातील एकाच भेगेची रुंदी दर आठवड्याला मोजत गेल्यास चाचणीतील आकडा आणि जमिनीवरील भेग यांचा मेळ घालता येईल.

दोन_मुलींची_आई

उत्तरायणचे उत्तर मी धाकटीला वाचून दाखवले. तिने क्रेनच्या टोकाला वाटी बांधून त्यात एकेक नाणे टाकायला सुरुवात केली आहे. मोठी सिरिंज दाबायची बाजू म्हणून जोडली की उचलायची बाजू लवकर वर जाते पण वजन कमी उचलते, हे तिने स्वतःच मला दाखवले. तरीही माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे. शाळेने हे तासात बसवले नाही तर पालकांना हे सुचणार कसे? येथे लिहिणारे सर्व जाणकार आहेत. बहुतेक घरांत कोणी जाणकार नसते.

खडूधूळ

ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. नागपुरात एक आधार आहे तो सांगतो. गांधीसागर तलावासमोरील रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले आणि १९९७ मध्ये तेथे तारांगण आले. शाळा तेथे सहल म्हणून मुलांना नेतात, एका दिवसात सर्व दालने दाखवतात आणि परत आणतात. मुलांनी आपला एक प्रश्न लिहून घेऊन जावे, त्याच प्रश्नाशी संबंधित दोन-तीन प्रयोगांपाशी थांबावे आणि बाकीचे सोडून द्यावे, असे मी माझ्या वर्गाला सांगत असे. महानगरपालिकेच्या शाळांतील मुले टाकाऊ वस्तूंतून प्रयोग करून दाखवतात तो अपूर्व विज्ञान मेळावाही पालकांनी अवश्य पाहावा. तेथे मुलांना प्रश्न विचारता येतात आणि ती उत्तरे देतात. घरात जाणकार नसलेल्या मुलांनीच केलेले ते काम असते.

उत्तरायण, तुझ्या शाळेत यंदा नववीचा वर्ग ही नोंद पुढे चालवतो आहे का?

उत्तरायण

होय सर, चालवतो आहे. सळई त्याच ठिकाणी आहे आणि मोजपट्टी काकांच्या सूचनेप्रमाणे टोकाला छिद्राचा पत्रा बसवलेली आणखी एक सळई उभी करायचे ठरले आहे. साधी सळई काढायची नाही, नवी तिच्या शेजारी ठेवायची, म्हणजे गेल्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना करता येईल. तापमापी बादलीत तपासण्याचे काम मी स्वतः नववीच्या गटासोबत करणार आहे.

येथील चर्चेनंतर आम्ही आणखी एक गोष्ट ठरवली आहे. माझ्या मावशीचा मुलगा हैदराबादला नववीत आहे. हैदराबाद जवळजवळ नागपूरच्याच रेखांशावर, सुमारे ७८.५ अंशांवर आहे आणि सरळ दक्षिणेला सुमारे ४२० किलोमीटर दूर आहे. २३ सप्टेंबरला नागपूरची मध्यान्ह १२ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास आणि तेथील त्यानंतर दोन-तीन मिनिटांनी येईल. दोन्ही ठिकाणी एक मीटरच्या सळईची सावली मोजून दोन कोनांतील फरक काढायचा आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ काढायचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया आणि सायीन या गावांवरून जे केले तेच करायचे. चंद्रपूर जवळ आहे, तेथे नातेवाईकही आहेत, पण तेथील अक्षांश नागपूरपेक्षा केवळ १.२ अंशाने कमी आहे आणि साध्या सळईने अर्ध्या अंशाची चूक होत असेल तर त्या उत्तराला काही अर्थ राहणार नाही. हैदराबादच्या बाबतीत फरक पावणेचार अंशांचा असल्यामुळे तीच चूक खूपच कमी बाधेल.

सप्टेंबरात ढग आले तर त्या आठवड्यातील कोणताही दिवस चालेल, कारण दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी मोजले की सूर्य विषुववृत्तावर असण्याची अट उरत नाही. काका, दोन कोनांची वजाबाकी करताना हे बरोबर आहे ना, एवढे कृपया पाहावे.

मोजपट्टी

बरोबर आहे. दोन्ही शहरांत सूर्य डोक्याच्या दक्षिणेला असेल तोपर्यंत कोनांची वजाबाकी कोणत्याही दिवशी चालेल, फक्त तारीख एकच असावी. जुलैच्या आरंभी मोजले तरी दोन्हीकडे सूर्य उत्तरेला असेल आणि वजाबाकीच करावी लागेल. जुलैच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मात्र तो नागपूरच्या दक्षिणेला आणि हैदराबादच्या उत्तरेला असतो. त्या काळात कोनांची बेरीज करावी लागेल. हैदराबादच्या सळईलाही छिद्राचा पत्रा बसवा आणि दोन्हीकडच्या मोजपट्ट्या आधी एकमेकींशी ताडून घ्या. शक्य असेल तर एकच पोलादी मोजपट्टी विकत घेऊन तिच्यावरून दुसरीवर खुणा करून पाठवा.